पहिलं बाळंतपण माहेरी

माझी पहिली मुलगी मी पाहिलेली नाही. ती जन्मली तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होते, तिच्यापासून हातभर अंतरावर होते, तरी पाहिली नाही. मला ती दाखवायची नाही असं ठरलं होतं, आणि ठरवताना मला कुणी विचारलं नव्हतं. तिला नीट पाहिलं ते एकाच माणसाने, माझ्या आईने. आणि आईने त्याबद्दल कितीतरी वर्षं तोंडातून चकार शब्द काढला नाही.

लग्नानंतर मी उल्हासनगरला राहायला आले. दोन खोल्या, खाली जीन्स शिवायचा कारखाना. मशिनी दिवसभर घरघरत असायच्या, इतक्या की रविवारी त्या बंद झाल्या की आम्हाला चुकल्यासारखं वाटायचं. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी करत होते. दिवस राहिल्यावर घराजवळच्याच एका डॉक्टरीणबाईंकडे नाव घातलं. बाई सिंधी, पिकलेल्या केसांच्या, अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी बोलायच्या आणि दोन्हींत दरडावायच्या. सहाव्या महिन्यानंतर माझं ब्लडप्रेशर जरा वर राहू लागलं तेव्हा त्यांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं, "देखो माताजी, हिला शेवटच्या महिन्यांत कुठे पाठवू नका. नाव इधर घातलंय, तो डिलिव्हरी भी इधरच होणार. मला हिचं सगळं माहिती आहे."

सासूबाईंनी मान डोलावली. मीही डोलावली. बाहेर पडून चपला घालताना सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्यात काय करत असतील ते करोत. आपल्यात पहिलं माहेरीच."

हे सगळं त्यांच्या माथी मारायचा माझा विचार नाही. मलाही जायचंच होतं. सातवा महिना लागला, डोहाळजेवण झालं, आई ओटी घेऊन न्यायला आली तेव्हा मी आधीच बॅग भरून बसले होते. नवरा म्हणाला, "एवढी घाई? आम्ही काय छळलं का तुला?" मी म्हटलं, "छळायला वेळ कुठे मिळाला तुम्हाला." सगळे हसले. डॉक्टरीणबाईंकडची फाईल मात्र कपाटात कपड्यांखाली राहिली. बाळंतपण तिकडे करायचं नाही तर फाईल कशाला, असं सगळ्यांनाच वाटलं असावं.

बदलापूर गावातलं आमचं घर तसं लहान, पण त्या दिवसांत मला ते राजवाड्याहून मोठं वाटलं. आई मला उठू देत नव्हती. भाकरी गरम गरम ताटात यायची, केसांना तेल लागायचं, संध्याकाळी पायांना कोमट पाणी. गल्लीतल्या बायका येऊन पोट बघून जायच्या आणि मुलगा की मुलगी यावर आपापसात भांडायच्या. आईला या सगळ्यात मान होता. गल्लीत कुणाचंही बाळंतपण असलं तरी आधी माझ्या आईला बोलवायचे. मग स्वतःच्या लेकीचं म्हटल्यावर तिच्या अंगात विशीतलं वारं शिरलं होतं. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी तिने स्वतः शिवली होती. पण ती ट्रंकेत लपवून ठेवलेली, कारण जन्माआधी बाळाचं काही बाहेर दिसू द्यायचं नाही. मी मात्र ती दुपारी गुपचूप काढून बघायचे.

नववा निम्मा सरला आणि एका संध्याकाळी मला वाटलं, आज बाळ फारसं हललं नाही. मी आईला सांगितलं. तिने हातातलं काम ठेवलं, माझ्या पोटावर हात ठेवला आणि हसून म्हणाली, "नाय गो. आता भरत आलंय. शेवटी शेवटी बाळ शांत होतं. लोळायला जागा कुठंय त्याला?"

तिने हे इतक्या खात्रीने सांगितलं की मलाच माझ्या भित्रेपणाचं हसू आलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, आणि वर गुळाचा खडा दिला, म्हणजे बाळ हलेल म्हणून. मला वाटलंही की हललं. पोटात दुसरंही काही हलत असतं, हे तेव्हा कळत नव्हतं. त्याच्या पुढच्या सकाळी मी उठले तेव्हा पोट जड आणि गप्प होतं. मी नुसतं "आई" म्हटलं आणि तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती रिक्षा बघायला धावली.

स्टेशनाकडच्या हॉस्पिटलात आम्ही गेलो. तिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. फाईल कुठे आहे, प्रेशर किती असायचं, कुणाकडे दाखवत होता, कशालाच धड उत्तर नव्हतं. सोनोग्राफी करणारा डॉक्टर बराच वेळ ते यंत्र पोटावर फिरवत राहिला. मग त्याने पडदा स्वतःकडे वळवला. मग त्याने विचारलं, "हालचाल कधीपासून कमी वाटत होती?"

आई माझ्या पायांशी उभी होती. माझ्या चपला तिने हातात धरल्या होत्या, का कोण जाणे, छातीशी धरल्या होत्या. मी तिच्याकडे पाहिलं. तिचं तोंड असं झालं होतं की मला माझं दुःख कळायच्या आधी तिचं कळलं.

मी म्हटलं, "आज सकाळपासून."

डॉक्टरने मान हलवली. आईने खाली पाहिलं. हे खोटं मी पुन्हा वेळ आली तरी बोलेन. खरं सांगून मेलेलं मूल जिवंत होणार नव्हतं, आणि आईला मात्र सगळ्यांनी फाडून खाल्लं असतं.

मेलेलं मूलसुद्धा जन्माला घालावंच लागतं, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, भूल देतील आणि काढतील. पण त्यांनी कळा आणायचं औषध दिलं आणि मग कळा आल्या, अगदी खऱ्या. शेजारच्या टेबलावर एक बाई किंचाळत होती आणि तिला सगळे म्हणत होते, "झालं झालं, बाळाचं डोकं दिसतंय." मला म्हणत होते, "जोर लाव, तेवढीच सुटशील." दोघींचा घाम सारखाच होता. दुपारी मी बाळंत झाले. खोलीत काही आवाज झाला नाही. मी कान टवकारून ऐकत होते, सोनोग्राफी चुकतेही कधीकधी, असं मनाशी म्हणत होते. आवाज आला तो शेजारच्या टेबलावरून, थोड्या वेळाने.

आयाबाईंनी मऊ आवाजात विचारलं, "दाखवू का?" पण विचारलं आईला. आई दारात उभी होती.

"नको," आई म्हणाली. "माया लागेल तिला."

नऊ महिने काय लागलं होतं मग मला? मी ओरडायला तोंड उघडलं, पण अंगात त्राण नव्हतं. कुणीतरी मला सांगितलं की मुलगी होती. कापडात गुंडाळलेलं काहीतरी दाराबाहेर गेलं आणि आई त्याच्यामागे गेली.

मला ठेवलं ते बाळंतिणींच्याच वॉर्डात. दुसरीकडे खाट नव्हती म्हणे. दोन्ही बाजूंना पाळणे. संध्याकाळी पलीकडच्या खाटेवरच्या आजी वॉर्डभर पेढे वाटत आल्या. माझ्या हातावर पेढा ठेवून त्यांनी विचारलं, "काय झालं गं तुला?" मी म्हटलं, "मुलगी." त्या म्हणाल्या, "लक्ष्मी आली हो." मी पेढा खाल्ला. मला त्यांचा राग आला नाही, तेवढ्यापुरतं माझं एक बाळंतपण कुणीतरी साजरं केलं.

नवरा आला, माझा भाऊ आणि तो दोघे मिळून तिला नदीकाठी घेऊन गेले. मी नंतर त्याला विचारलं, कशी होती. तो भिंतीकडे बघून म्हणाला, "कापडात होती. उघडायची हिंमत नाही झाली." एवढा धिप्पाड माणूस, मशीनशॉपमध्ये लोखंड कापणारा. त्याच्या हातांवर ती गेली आणि त्यानेही पाहिली नाही.

तिसऱ्या दिवशी दूध आलं. याबद्दल मला कुणी सावध केलं नव्हतं. ब्लाउज भिजला तेव्हा मी तो नुसता बघत बसले. आईने बाजारातून मोगऱ्याच्या कळ्या आणल्या, माझ्या छातीवर पसरल्या आणि त्यावरून धडप्याने घट्ट बांधलं, दूध आटावं म्हणून. धडपा कुठल्या दुपट्याचा ते मी ओळखलं. तिने ट्रंक रिकामी केली होती. मी विचारलं, "आई, कशी होती गं ती?"

ती एकदम उठली. "दूध उतू जाईल," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. गॅसवर दूध नव्हतं. आम्हा दोघींनाही ते माहीत होतं.

त्यानंतर मी तिला विचारायचं सोडलं. विचारलं असतं तर तिला तिथपर्यंत जावं लागलं असतं, दारातल्या त्या "नको"पर्यंत आणि त्याच्या मागे, गुळाच्या खड्यापर्यंत. सगळे तिला म्हणत होते, "देवाची मर्जी." ती मान खाली घालून ऐकून घ्यायची. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी काही तिकडे पाठवायची नाही मी." आई म्हणाली, "नका पाठवू." इतक्या पटकन म्हणाली की सासूबाईच गोंधळल्या.

मग सुरू झालं "दुसरा चान्स" प्रकरण. आमच्याकडे मूल होऊ देण्याला चान्स घेणं म्हणतात, जसं काही जत्रेत चक्र फिरवायचंय. सासूबाई म्हणाल्या, लगेच घ्या, मन रमेल. खालच्या कारखान्यातल्या बायका म्हणाल्या, लगेच घे. सिंधी डॉक्टरीणबाईंनी मात्र मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, ओरडल्या नाहीत, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. म्हणाल्या, "अंग भरू दे बेटा. मन भी." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. त्या मी पावडरच्या डब्यात ठेवायचे. नवऱ्याला ठाऊक होतं. सासूबाई दर महिन्याला माझ्याकडे आशेने बघायच्या आणि मी दर महिन्याला कंबर धरून बाजूला बसायचे. मला मूल नको होतं असं नव्हे. मला ती हवी होती, तिच्या जागी दुसरं नको होतं, आणि हा फरक घरात कुणाला सांगायची सोय नव्हती.

दोनेक वर्षांनी गोळ्या थांबवल्या आणि मुलगा झाला. उल्हासनगरलाच, त्याच बाईंकडे. ते महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. ऑफिसात बसल्या बसल्या एक हात पोटावर असायचा. तो हलला नाही की मी खुर्चीतून उठून रिक्षा पकडायचे आणि बाईंकडे जाऊन ठोके ऐकून यायचे. त्या कधी कंटाळल्या नाहीत. आई त्या बाळंतपणाला आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली.

दवाखान्यात दाखल होताना सिस्टरने विचारलं, "कितवी खेप?" सासूबाई म्हणाल्या, "पहिलीच." मी म्हटलं, "दुसरी." सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भर लग्नात अभद्र बोलले. मुलगा झाल्यावर मी सिस्टरला म्हटलं, "माझं ऑपरेशन करून टाका."

ती म्हणाली, "एकावर? वेडी आहेस का?"

"दोन झालीत."

"जिवंत किती विचारतेय मी," ती म्हणाली आणि मग तिचं तिलाच वाईट वाटलं असावं, कारण तिने माझी चादर उगाचच नीट केली. शेवटी तांबी बसवून घेतली. ती बदलायची वेळ आली तेव्हा बदलून घेतली. दुसऱ्या मुलाबद्दल कुणी विचारलं की मी म्हणते, परवडत नाही. परवडतं. पोट पुन्हा कधी गप्प झालं तर मला ते सोसणार नाही, एवढंच.

सव्वा महिन्यानंतर मुलाला घेऊन मी माहेरी गेले. आईने त्याला मांडीवर घेतलं, तेल लावलं, शेक दिला, सगळं केलं. पण तो झोपला की ती त्याच्या नाकाखाली बोट धरून बसायची. मला ते दिसायचं आणि मी दिसलं नाही असं दाखवायचे. अशी आमची वर्षं गेली. आम्ही चिखलोलीला स्वतःचा फ्लॅट घेतला, बदलापूर दहा मिनिटांवर आलं, मी दर आठवड्याला जाऊ लागले. भाजीच्या भावापासून शेजारणीच्या घटस्फोटापर्यंत आम्ही सगळं बोलायचो. तेवढं सोडून.

गेल्या वर्षी भावाच्या बायकोला दिवस राहिले. वहिनीचं माहेर मुरबाडकडे. सातवा लागला, डोहाळजेवण झालं, तिची आई न्यायला आली आणि माझ्या आईने पाठवायला साफ नकार दिला. "जिथं नाव घातलंय तिथंच होईल," म्हणाली. विहीणबाई रडत परत गेल्या. गावभर झालं, ही सासू सुनेला पहिल्या बाळंतपणाला माहेरी पाठवत नाही, सुनेच्या माहेरच्यांनी मानपानात काही कमी केलं असणार. वहिनीने मला फोन करून रडतरडत सांगितलं, "ताई, आईंनी मला वेड लावलंय. दर तासाला विचारतात हललं का, हललं का. जरा नाही म्हटलं की रिक्षा दारात. डॉक्टरपण हसतात आता."

मी रजा टाकून दुपारी गेले, आईची समजूत घालायला. ती ओटीवर बसून बिरड्यासाठी वाल सोलत होती. मीही समोर बसले आणि सोलू लागले. म्हटलं, "काय गं, सासूगिरी सुरू केलीस म्हातारपणी? गावात तुझ्या नावाचा डंका वाजतोय."

"वाजू दे."

"तिच्या आईला हौस असेल ना."

"हौस मलापण होती," आई म्हणाली.

मी वाल सोलत राहिले. ती मान वर न करता म्हणाली, "त्या डॉक्टरला तू खोटं का सांगितलंस?"

कुठला डॉक्टर, असं विचारायचं नाटकही मला सुचलं नाही. म्हटलं, "तुझ्याकडे बघून."

"ते कळलं मला तेव्हाच. पण तू खरं बोलली असतीस तर मला कोणीतरी ओरडलं असतं गो. डॉक्टर ओरडला असता. तुझी सासू ओरडली असती. कोणी नाय ओरडलं. सगळे म्हणाले देवाची मर्जी. मी काय करू त्या मर्जीचं?"

मला म्हणायचं होतं, जाऊ दे आई. इतकी वर्षं तेच तर म्हणत आले होते, न बोलता. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा आईवर ओरडले. म्हटलं, मी तुला सांगत होते. पुन्हा पुन्हा सांगत होते आणि तू हसलीस. तुला सगळं कळतं ना बाळंतपणातलं, सगळी गल्ली तुला विचारते ना, मग माझ्या वेळी काय झालं? आणि वर मला ती दाखवलीसुद्धा नाहीस. कुणी दिला होता तुला अधिकार? माझी होती ती. वहिनी पोट सांभाळत दारापर्यंत आली आणि तशीच मागे फिरली. आई वालाच्या ओल्या हातांनी ऐकत बसली होती. तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

माझं संपलं. बरं वाटेल असं मला वाटलं होतं, पण वाटलं नाही. मी म्हटलं, "आधी गेलो असतो तर वाचली असती असं कुणीच सांगितलेलं नाही, आई."

"ते नको सांगू मला," ती म्हणाली. पदराने हात पुसले. मग मी न विचारता बोलू लागली. "केस लय होते. काळे, दाट, कपाळावर चिकटलेले. तुझ्यासारखं रुंद कपाळ. एका कानाची पाळी दुमडलेली, तुझ्या बापाची होती तशी. रंग तुझ्या नवऱ्याचा. झोपल्यावानी होती, बाय. काय म्हणजे काय खोड नव्हती तिच्यात."

मी हलले नाही. हलले तर ती थांबेल अशी भीती वाटली.

"आयाबाईकडून मागून घेतली मी. बाहेरच्या बाकावर मांडीवर घेऊन बसले. पुरुषमाणसं येईस्तोवर. म्हटलं बिननावाची कशी पाठवायची? आत्याने सांगायचं असतं कानात, पण आत्या कुठून आणू. मग मीच सांगितलं."

"नाव ठेवलंस?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"काय ठेवलंस?"

आईने आत एकदा पाहिलं, वहिनी ऐकत नाही ना म्हणून. वालाचं ताट बाजूला सारलं, गुडघ्यांवर हात टेकत माझ्याजवळ सरकली, माझे केस मागे केले आणि माझ्या कानात माझ्या मुलीचं नाव सांगितलं.